कामगार कपातीची नोटीस

कामगार कपातीची नोटीस : शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कारणाने (काम घटले, यंत्र आले, विभाग बंद झाला) कामगाराला कामावरून कमी करताना मालकाने द्यावयाची लेखी पूर्वसूचना. भारतात तिची कायदेशीर चौकट १९५३ साली औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये घातलेल्या कलम २५-एफने घालून दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि त्याच अटी थोड्याफार फरकाने तिच्यात आल्या.

मूळ नियम असा : किमान वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कारण नमूद करून एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची किंवा तेवढ्या दिवसांचा पगार. शिवाय पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. वरचे महिने सहापेक्षा जास्त भरले तर तेही एक वर्ष धरतात. समजा पगार २०,००० रुपये आणि नोकरी ८ वर्षे ७ महिने. हिशेब ९ वर्षांचा होईल, म्हणजे भरपाई ९०,००० रुपये. त्याच दिवशी घरी पाठवायचे असेल तर नोटीस पगाराचे आणखी २०,०००. ग्रॅच्युइटी यात येत नाही, ती वेगळी.

हे पैसे कधी द्यायचे, हाच बहुतेक खटल्यांचा मुद्दा. ‘नंतर ऑफिसात येऊन हिशेब घेऊन जा’ असे नोटिशीत लिहिणारे मालक इथेच अडकतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील दोन वॉर्ड सेविकांना भरपाई न देता कमी करण्यात आले आणि त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून मोकळे झालेले कर्मचारी घेण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६० च्या निकालात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी स्पष्ट केले, की भरपाई ही कपातीची पूर्वअट आहे. ती पाळली नाही तर कपातच अवैध. नोटीस व भरपाईखेरीज कपात सरकारला कळवण्याची तिसरी अटही आहे, ती मात्र त्याच न्यायालयाने पुढे मुंबईच्या पत्रकार संघटनेच्या प्रकरणात इतकी कडक मानली नाही.

‘सलग वर्ष’ म्हणजे मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम. खाणीत जमिनीखाली १९०. पगारी सुट्ट्या आणि रविवार यांत धरायचे, असे १९८५ मध्ये ठरले. या आकड्याने कारखानदारीत एक सर्वज्ञात रिवाज जन्माला घातला : २४० भरत आले की ‘ब्रेक’ द्यायचा आणि काही दिवसांनी त्याच माणसाला नव्या नावनोंदणीने परत घ्यायचे. कायद्याच्या दृष्टीने ही अनुचित प्रथाच, पण सिद्ध करणे अवघड. कारण दिवस भरल्याचे दाखवण्याची जबाबदारी आधी कामगारावर असते, आणि मस्टर असते मालकाकडे. जुनी पगारपत्रके, हजेरीकार्ड, गेटपास जपून ठेवा असे युनियनवाले बजावतात ते यासाठीच.

कोणाला काढायचे यालाही क्रम आहे. त्या प्रकारच्या कामावर जो शेवटी लागला तो आधी जाईल. वेगळे करायचे तर कारणे नोंदवावी लागतात. जुन्या केंद्रीय नियमांनुसार ज्येष्ठता यादी किमान सात दिवस आधी फलकावर लावणे आवश्यक होते. पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्यांना आधी संधी द्यायची. संहितेने ही सवलत कपातीपासून एका वर्षापुरती ठेवली आहे.

मोठे कारखाने, खाणी व मळे यांना नोटीस तीन महिन्यांची आणि त्याशिवाय सरकारची पूर्वपरवानगी लागते. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानतात. ही तरतूद १९७६ मध्ये ३०० कामगारांच्या आस्थापनांसाठी आली, पुढे मर्यादा १०० वर आणली गेली, आणि संहितेने ती पुन्हा ३०० केली. मधल्या आकाराच्या कारखान्यांतल्या कामगारांचे संरक्षण यामुळे बरेच पातळ झाले, हा कामगार संघटनांचा आक्षेप रास्तच वाटतो. बदल्यात संहितेने पुनर्कौशल्य निधी आणला : कपात झालेल्या प्रत्येकामागे मालकाने १५ दिवसांचा पगार भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा.

गैरवर्तनाबद्दल काढायचे असल्यास हे नियम लागत नाहीत. तेथे आरोपपत्र आणि खातेनिहाय चौकशी. मुदतबंद करार संपला तर ती कपात नव्हे.

व्यवस्थापक व अधिकारी ‘कामगार’ या व्याख्येबाहेर राहतात. त्यांचा नोटीस पिरियड नियुक्तिपत्रात लिहिलेला असेल तो. सरकारी कंपन्यांना मात्र तीन महिन्यांची नोटीस देऊन, कारण न सांगता, कायम अधिकाऱ्याला काढता येत नाही. असा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मनमानी म्हणून रद्द केला. खासगी कंपनीतल्या व्यवस्थापकाच्या पदरात न्यायालयातून सहसा नोटीस काळाच्या पगाराइतकी नुकसानभरपाई पडते, नोकरी परत मिळत नाही.