गढूळ पाण्याला आकडा का नाही? बांधकाम साइटच्या पाऊसपाणी परवान्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरायची असेल, तर पावसाच्या पाण्याचा परवाना घ्यावा लागतो. एनओआय (काम सुरू करण्याआधीची सूचना), स्विप (पाण्याचं प्रदूषण टाळायचा लेखी आराखडा), सिल्ट फेन्स (गाळ अडवणारं कापडी कुंपण), दर सात दिवसांची तपासणी हे सगळं साइटवरच्या माणसांना पाठ असतं, म्हणून त्यात शिरत नाही. इथे प्रश्न आहे तो परवान्यात जे नाही त्याचा. कारखान्याच्या पाइपातून कोणता पदार्थ किती बाहेर पडलेला चालेल, ते लिटरमागे मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. बांधकामाला मात्र कुंपण घाला, खडी पसरा, उघडी माती झाका, एवढंच सांगितलं जातं. बाहेर पडणारं पाणी किती गढूळ असलेलं चालेल, याचा देशव्यापी आकडा नाही. असा आकडा एकदा ठरला होता, राजपत्रात छापूनही आला होता. पुढे तो मागे घेतला गेला, आणि आजच्या परवान्याची भाषा समजून घ्यायची तर त्या माघारीपाशी थांबावंच लागतं.

त्याआधीचा काळ थोडक्यात. साइटवरून वाहून येणारा गाळ ही तक्रार काही राज्यांना संघराज्याच्या आधीच कळली होती. मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने १९६५ मध्ये गाळनियंत्रण सक्तीचं केलं, १९७० मध्ये मेरीलँड राज्याने आणि १९७३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने कायदे केले. कारण साधं होतं. उघड्या साइटवरून धुऊन जाणारी माती शेतजमिनीच्या दहा ते वीस पट आणि जंगलाच्या एक ते दोन हजार पट असते. एका उपनगराचं काम चालू असलेल्या दोन-तीन वर्षांत ओढ्याच्या तळाशी इतका गाळ बसतो, की माशांनी अंडी घालायच्या खडीतल्या फटी बुजून जातात. इमारती उभ्या राहिल्या, हिरवळ लागली, तरी तो गाळ तिथेच असतो.

१९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून मंजूर झाला. पाइप, चर, नाली अशा ठरावीक जागेतून नदीत काहीही सोडायचं तर परवाना हवा, हे त्याचं मूळ कलम. त्यात पावसाचं पाणी आपोआप येत होतं. पण पुढच्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण यंत्रणेने नियम केले आणि निव्वळ पावसाच्या पाण्याचे बहुतेक निचरे त्यातून वगळले. लाखो नाल्यांना परवाने देणं अशक्य आहे, असं तिचं म्हणणं होतं. एक पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेली. १९७५ मध्ये खालच्या आणि १९७७ मध्ये वरच्या न्यायालयाने सांगितलं, की काम अवघड आहे म्हणून कायद्यातून सूट देता येणार नाही. मात्र एकसारख्या अनेक निचऱ्यांना मिळून एकच सर्वसाधारण परवाना द्यायला हरकत नाही. आज देशभर चालणाऱ्या जनरल परमिटची वाट या निकालाने मोकळी केली. सगळ्यांसाठी एकच परवाना म्हटला की त्यातल्या अटीही सगळ्यांना लागू पडतील अशा ढोबळ ठेवाव्या लागतात. आकड्याचं पुढे जे झालं, त्याचं मूळ इथपर्यंत जातं.

पुढची दहा वर्षं नियम निघण्यात आणि बदलण्यात गेली. १९८७ च्या दुरुस्तीने औद्योगिक निचरे आणि मोठ्या शहरांचे पावसाळी नाले परवान्याखाली आणले. नोव्हेंबर १९९० च्या नियमात औद्योगिक कामांच्या यादीत बांधकामाला दहावं स्थान मिळालं, पण पाच एकर आणि त्यापुढच्या साइटना. आधीच्या मसुद्यात उंबरठा एक एकराचा होता. १९९२ मध्ये पश्चिमेकडच्या अपील न्यायालयाने विचारलं, की एकाचे पाच कोणत्या माहितीवर केलेत? यंत्रणेकडे उत्तर नव्हतं आणि ती सूट रद्द ठरली. त्याच वर्षी पहिला बांधकाम परवाना निघाला. न्यायालयाने उघडं पाडलेलं भोक बुजवायला मात्र डिसेंबर १९९९ चा दुसऱ्या टप्प्याचा नियम यावा लागला. एक ते पाच एकरांच्या साइट प्रत्यक्षात परवान्याखाली आल्या त्या १० मार्च २००३ पासून. म्हणजे निकालानंतर अकरा वर्षांनी, आणि ही वर्षं अमेरिकी उपनगरांच्या जोरदार वाढीची होती.

आता मुख्य मुद्दा. परवाना एक गोष्ट, आणि एखाद्या उद्योगाने तंत्रज्ञानाच्या बळावर किमान किती स्वच्छ पाणी सोडायचं याचं राष्ट्रीय मानक ही वेगळी गोष्ट. अशी मानकं पोलाद, कागद, कातडी अशा कितीतरी उद्योगांना आहेत. बांधकामासाठी ती करण्याचा प्रस्ताव २००२ मध्ये आला आणि २००४ मध्ये यंत्रणेने तो सोडून दिला. राज्यांचे कार्यक्रम पुरेसे आहेत, असं कारण दिलं गेलं. पुन्हा न्यायालय. बांधकामाचं नाव एकदा मानकांच्या यादीत घातल्यावर मानक करणं ऐच्छिक राहत नाही, असं २००८ मध्ये अपील न्यायालयानेही कायम केलं. १ डिसेंबर २००९ ही मुदत मिळाली.

नोव्हेंबर २००८ च्या मसुद्यात १३ एनटीयू हा आकडा होता. पाण्यातून प्रकाश किती विखुरतो, त्यावरून गढूळपणा मोजायचं हे एकक. ही मर्यादा तीस एकर व त्यापुढच्या, जोराचा पाऊस आणि चिकणमाती असलेल्या साइटपुरती होती. तरीही बांधकाम उद्योगातून विरोध उसळला, आणि हा विरोध केवळ नफ्यापोटी होता असं म्हणणं बरोबर होणार नाही. स्थिर पाण्यात वाळूचा बारीक कण काही मिनिटांत मीटरभर खाली बसतो. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण दिवसभरात जेमतेम तीस सेंटिमीटर उतरतो. गाळ बसवायच्या तलावात पाणी दिवसभर राहिलं, तरी जॉर्जियातल्या लाल मातीचा रंग उतरत नाही. १३ पर्यंत यायचं तर पाण्यात कण एकत्र आणणारं पॉलिमर टाकायचं, मग ते पंपाने फिल्टरमधून काढायचं, म्हणजे साइटवर छोटं जलशुद्धीकरण केंद्रच उभं करायचं.

अंतिम नियमात आकडा २८० झाला. पंप आणि फिल्टर लावलेल्या शुद्धीकरण केंद्राची गरज उरली नाही. तलाव, वरच्या थरातलं पाणी काढणारा स्किमर, चरात आडवे टाकलेले तंतूंचे ओंडके आणि त्यावर भुरभुरलेलं पॉलिमर एवढ्यावर भागेल, असा हिशेब होता. मर्यादा दिवसभराच्या नमुन्यांच्या सरासरीला होती. दोन वर्षांतून एकदा पडतो त्याहून मोठा चोवीस तासांचा पाऊस झाला, तर त्या दिवशी ती लागू नव्हती. वीस एकर व त्यापुढच्या साइटना ऑगस्ट २०११ पासून आणि दहा एकर व त्यापुढच्या साइटना फेब्रुवारी २०१४ पासून नमुने घ्यायचे होते. नियमाचा वार्षिक खर्च ९५.३ कोटी डॉलर धरला होता आणि दरवर्षी सुमारे ४०० कोटी पौंड गाळ ओढ्यांत जाण्यापासून थांबेल, असा अंदाज होता.

२८० एनटीयूचं पाणी दिसतं कसं, हे इथे सांगायला हवं. नमुन्याची काचेची कुपी प्रकाशासमोर धरली, तर मागचं बोटही नीट दिसत नाही. गाळून नळाला येणाऱ्या पिण्याच्या पाण्यात ही संख्या एकाच्याही खाली असते. म्हणजे २८० ही काही कडक अट नव्हती. साइटवरून चहासारखं पाणी जाऊ देऊ नका, इतकीच ती अपेक्षा होती.

तरीही नियम टिकला नाही. गृहबांधणी व्यावसायिकांनी अपील केलं आणि लघुउद्योगांची बाजू मांडणाऱ्या सरकारी कार्यालयाने फेरविचाराची मागणी केली. २८० ज्या आकडेवारीतून काढला, तिचाच अर्थ लावताना चूक झाल्याचं दाखवून देण्यात आलं. ऑगस्ट २०१० मध्ये यंत्रणेने न्यायालयात ते मान्य केलं, की नोंदीतली गणितं आता या आकड्याला पुरेसा आधार देत नाहीत. ४ जानेवारी २०११ पासून मर्यादेला स्थगिती मिळाली.

माझ्या मते खरा निर्णय इथे झाला, आणि तो चुकला. गणित चुकलं तर गणित सुधारायचं असतं. सुरुवातीला इरादाही तोच होता. दुरुस्त आकडा काढू असं यंत्रणेने म्हटलं, जानेवारी २०१२ मध्ये नवी आकडेवारी मागवली. पण डिसेंबर २०१२ मध्ये तडजोड झाली आणि ६ मार्च २०१४ च्या नियमाने आकडा कायमचा काढून टाकला. शिल्लक राहिल्या त्या शब्दांतल्या अटी: मातीची धूप कमी करा, उतार शक्यतो मोडू नका, ओढ्याकाठी नैसर्गिक पट्टा राखा. त्यांनाही ‘व्यवहार्य नसेल तर’ अशी शेपटी आहे, आणि २०१४ च्या व्याख्येनुसार आर्थिकदृष्ट्या न परवडणं हेही अव्यवहार्यच. उद्योगाची बाजू अशी, की पाऊस कुणाच्या हातात नसतो, प्रत्येक साइटची माती वेगळी असते आणि एकच आकडा सगळीकडे अन्याय करेल. मातीबद्दलचा मुद्दा खरा आहे. पण त्यावरचा उपाय प्रदेशानुसार वेगळे आकडे हा होता. मोजणंच सोडून दिल्यावर ओढ्याला काय मिळतं ते कळेनासं होतं. तपासनीस येतो तेव्हा ऊन पडलेलं असतं, सिल्ट फेन्स ताठ उभी असते, वहीत सह्या असतात. आदल्या रात्री गटारातून काय वाहिलं, याची नोंद कुठेच नसते.

आकडे अशक्य नाहीत, हे काही राज्यांनी दाखवलं आहे. जॉर्जियाच्या परवान्यात साइटचा आकार, पाणलोटाचं क्षेत्र आणि ओढा ट्राउट माशांचा आहे की नाही, यानुसार एनटीयूची कोष्टकं आहेत. वॉशिंग्टनमध्ये २५ च्या वर गेलं की उपाय वाढवायचे आणि २५० ला पोचलं की राज्याला फोन करायचा. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये २५० वर कृती आणि सर्वांत धोक्याच्या साइटना ५०० ची सक्तीची मर्यादा घातली. त्यातली सक्तीची मर्यादा २०११ च्या अखेरीस न्यायालयाने रद्द केली, पुन्हा पुरेशा आकडेवारीअभावी. २५० ची पातळी राहिली.

संघराज्याचा स्वतःचा परवाना १९९२ नंतर १९९८, २००३, २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ असा बदलत आला. सत्तेचाळीस राज्यं आपले परवाने स्वतः देतात, त्यामुळे तो थेट लागू होतो तो मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर अशा थोड्या ठिकाणी आणि आदिवासी भूभागांत. बाकीची राज्यं मात्र मसुदा करताना त्याच्याकडेच बघतात. २०१२ च्या परवान्यात ओढ्याकाठी पन्नास फुटांचा पट्टा किंवा तितकंच गाळनियंत्रण ही अट आली. २८० ला तेव्हा स्थगिती होती, म्हणून तो त्यात नाही.

एका जुन्या वाक्याने मात्र या काळात बराच त्रास दिला. एक एकराहून लहान प्लॉट असला, तरी तो ‘मोठ्या सामाईक विकास किंवा विक्री योजनेचा’ भाग असेल तर परवाना लागतोच. पाव एकराच्या प्लॉटवर एकच घर बांधणारा छोटा कंत्राटदार यात सापडतो, कारण लेआउट शंभर घरांचा असतो. वाक्य योग्यच आहे. ते नसतं तर शंभर एकरांचे दोनशे तुकडे पाडून सगळे मोकळे झाले असते. प्रश्न आला तो जबाबदारीचा. रस्ते एकाने केले, प्लॉट पाच जणांनी घेतले आणि सामाईक तलाव फुटला, तर दोष कुणाचा? २०१७ च्या परवान्यात संयुक्त जबाबदारीची भाषा आली, गृहबांधणी संघटना न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये तडजोडीने ती सौम्य झाली. या क्षेत्रात दंड लहान नसतात. २००८ मध्ये चार मोठ्या गृहबांधणी कंपन्यांनी अनेक राज्यांतल्या साइटबद्दल मिळून ४३ लाख डॉलर भरले होते.

तेल आणि वायूच्या विहिरींची गोष्ट एवढीच, की २००५ च्या ऊर्जा कायद्याने त्यांच्या बांधकामालाही सूट दिली. त्यावर २००६ मध्ये केलेला नियम न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केला, पण कायद्यातली सूट तशीच आहे.

२०२२ च्या परवान्यात आकडा मागच्या दाराने परतला. पायाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी पंपाने उपसून गाळाने आधीच बिघडलेल्या किंवा विशेष संरक्षित ओढ्यात सोडायचं असेल, तर उपसा चालू असलेल्या प्रत्येक दिवशी नमुना घ्यायचा आणि आठवड्याची सरासरी ५० एनटीयूशी ताडून पाहायची. वर गेली तर तो भंग धरला जात नाही, पण कारण शोधून उपाय करावा लागतो. व्याप्ती लहान आहे. पावसाने वाहून जाणारं पाणी यात येतच नाही, येतं ते फक्त पंपाच्या नळीतलं. तरीही १३ आणि २८० नंतर प्रत्यक्ष साइटवर मोजला जाणारा संघराज्याचा हा आकडा आहे.

त्यानंतर दोन मोठे निकाल आले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघराज्याच्या कक्षेतल्या पाणथळ जागा आकसल्या, त्यामुळे काही साइटचं पाणी आता कुठल्या कक्षेत जातं हाच वाद झाला आहे. ४ मार्च २०२५ च्या पाच विरुद्ध चार अशा निकालाने ‘तुमच्यामुळे नदीची प्रत बिघडता कामा नये’ अशा थाटाच्या अटी बेकायदा ठरवल्या. परवानाधारकाने काय करायचं, ते यंत्रणेने नेमकं लिहावं, असं न्यायालय म्हणतं. बांधकाम परवान्यात या धाटणीची एक अट वर्षानुवर्षं आहे. ती गेली तर उरतात त्या कुंपण-खडीच्या सूचना आणि पाइपाच्या तोंडाशी मोजलेले आकडे, आणि आकड्यांना या निकालाने हात लावलेला नाही. २०२२ च्या परवान्याची मुदत १६ फेब्रुवारी २०२७ पर्यंत आहे. पुढच्या मसुद्यात ५० चं कलम उपशापुरतंच राहतं, पावसाच्या निचऱ्यापर्यंत वाढतं की वगळलं जातं, हे आधी पाहावं लागेल.