लावणीच्या दिवसांत डॉक्सीसायक्लीन घेणाऱ्यांसाठी

पाऊस लागला, लावणी सुरू झाली की आमच्या औषधांच्या दुकानात डॉक्सीसायक्लीन या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या वाढतात. कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून त्याचे जंतू चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून अंगात शिरतात. ताप आलेल्याला डॉक्टर बहुधा 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, सात दिवस लिहून देतात. ताप नसलेल्याला, पण रोज चिखलात उतरणाऱ्याला, आठवड्यातून एकदाच 200 मिलिग्रॅम. औषध तेच, पण हिशेब वेगळा. शेजारच्या घरातली चिठ्ठी बघून आपला डोस ठरवू नका.

ही कॅप्सूल गिळायची कशी, हे आम्ही प्रत्येकाला तोंडी सांगतो, तरीही इथे लिहितोच. दिवसभर वाकून लावणी केलेला माणूस रात्री घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल टाकतो आणि लगेच पाठ टेकतो. ती मग अन्ननलिकेतच चिकटते, तिथेच विरघळते आणि आतून जखम करते. पुढे काही दिवस साधं पाणी गिळतानाही छातीत कळ येते. हे सगळं टाळता येतं. बसून किंवा उभ्याने घ्या, वर पेलाभर पाणी प्या आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नका. रात्रीचा डोस निजताना न घेता जेवणाबरोबरच उरकावा. पोटात अन्न असलं की मळमळही कमी होते.

रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध चालू असेल तर आम्हाला जरूर सांगा. ही औषधं डॉक्सीसायक्लीनला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात नीट उतरत नाही. दोन्हींमध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. दुधाबरोबरही घेऊ नका.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने आणि आठ वर्षांखालच्या मुलाने ही कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वाढत्या दातांवर तिचे कायमचे डाग पडू शकतात. मोठ्यांसाठी आणलेल्या पाकिटातली एखादी मुलाला देणं तर नकोच.

औषध चालू असताना ऊन लवकर बाधतं, त्वचा भाजल्यासारखी लाल होते. उघडीप मिळाली तरी डोकं, मान, हात झाकूनच शेतात जा. थोडे जुलाब होतात, ते बहुतेकदा आपोआप थांबतात. मात्र शौचातून रक्त पडलं, अंगावर पुरळ आलं, तोंड सुजलं, धाप लागली किंवा डोकं प्रचंड दुखून नजर धूसर झाली, तर पुढचा डोस न घेता तडक डॉक्टरांकडे जा.

डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम नकोत. ताप उतरला म्हणून कोर्स मध्येच सोडू नका. पाकिटावरची लाल रेघ सांगते की हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. त्यामुळे मागच्या वर्षीच्या उरलेल्या कॅप्सूल घेऊन कुणी आलं, तर आम्ही त्या वापरू नका असंच सांगू.

आठवड्याची कॅप्सूल घेतली म्हणून लेप्टो होणारच नाही, असं नाही. गमबूट घाला, जखम झाकून ठेवा. आणि ताप, डोळ्यांत लाली, पोटऱ्यांत ठणका, लघवी कमी होणं यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे पहिलं वाक्य हेच सांगा: ‘मी चिखलात काम करतो.’