ड्रॉइंग उघडलं की ऑटोकॅड बंद का पडतं? थोडी पार्श्वभूमी

रत्नागिरी-कुडाळकडे कुणाचं ऑटोकॅड (ड्रॉइंग काढायचा प्रोग्राम) मधेच बंद पडलं की सल्ले ठरलेले: हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाला देणं) बंद कर, नाहीतर ड्रायव्हर (त्या कार्डाला चालवणारा छोटा प्रोग्राम) बदल. दोन्ही बऱ्याचदा लागू पडतात. मात्र ते का लागू पडतात हे कळायला मागे जावं लागतं.

डिसेंबर 1982 मध्ये ऑटोकॅड आलं, तेव्हा पडद्यावर रेघ उमटवण्याची काळजी त्या प्रोग्रामलाच होती. डॉसवर (विंडोजच्या आधीची प्रणाली) कार्ड बदललं की त्या कार्डाला चालणारा ऑटोकॅडचा ड्रायव्हर शोधत बसा. पुढे ओपनजीएल (1992) आणि डायरेक्टएक्स (1995) हे प्रोग्राम आणि कार्ड यांना जोडणारे सामाईक दुवे आले, 1997 च्या रिलीज 14 ने डॉसला रामराम ठोकला. तेव्हापासून बिघाड झाला की प्रोग्राम, विंडोज आणि कार्डवाली कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात.

मोठा बदल विंडोज व्हिस्टाने केला. एक्सपीत ड्रायव्हर गडबडला की बहुतेक वेळा थेट निळा पडदा. व्हिस्टापासून कार्डाने 2 सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज कार्ड आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. संगणक वाचतो, पण कार्डाच्या मेमरीत मांडलेलं चित्र जातं, आणि ते नव्याने मांडणं ज्या प्रोग्रामला जमत नाही तो कोसळतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदवहीत) ‘डिस्प्ले’ची 4101 नंबरची नोंद सापडली, तर हाच प्रकार. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पंख्यात कचरा चिकटून कार्ड तापत असेल, तर ड्रायव्हर कितीही बदला, फरक पडायचा नाही.

2010 नंतर लॅपटॉपमध्ये दोन-दोन ग्राफिक्स चिप सर्रास आल्या. वीज वाचावी म्हणून प्रोग्राम हलक्या चिपवर चालतो आणि महागडी नुसती बसून राहते. कोणता प्रोग्राम कोणत्या चिपवर चालवायचा, ही सोय विंडोजच्या सेटिंग्जमध्येच 2018 साली आली.

एक तक्रार मात्र किनाऱ्यावर जास्त ऐकू येते: झूम केलं की रेघा थरथरतात, गडग्याचा कोपरा जागेवर राहत नाही. हा क्रॅश नव्हे, पण खापर कार्डावरच फुटतं. 1991 मध्ये सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) अधिसूचना आली आणि भरतीरेषेपासूनचं अंतर दाखवणं भाग पडलं. त्यापायी घराच्या ड्रॉइंगमध्येही नकाशाचे खरे सहनिर्देशक येऊ लागले. यूटीएम या नकाशापद्धतीच्या 43 उत्तर झोनमध्ये रत्नागिरीचा नॉर्दिंग (विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) साधारण 18 लाख 80 हजार मीटर. ऑटोकॅड आतला हिशेब सुमारे 15 अंकांपर्यंत नेमका ठेवतं. कार्ड चित्र काढताना बहुधा 7 अंकांवर भागवतं. एवढ्या मोठ्या आकड्याला त्या हिशेबात सर्वांत लहान पाऊल साडेबारा सेंटिमीटरचं पडतं. चिऱ्याच्या भिंतीला हे कसं चालेल? मापं बरोबर असतात, दिसतं तेवढं चुकीचं. ड्रॉइंगची प्रत मूळ बिंदूजवळ (0,0) सरकवावी आणि किती सरकवलं ते त्याच शीटवर लिहून ठेवावं. नाहीतर सीआरझेडच्या नकाशावर ती परत बसवताना घोळ ठरलेला.

क्यूजीआयएसचं (नकाशांच्या मोफत प्रोग्रामचं) गणित निराळं आहे. त्याचा नेहमीचा सपाट नकाशा प्रोसेसर काढतो. ग्राफिक्स कार्ड खऱ्या अर्थाने लागतं ते 2018 च्या 3.0 आवृत्तीपासून आलेल्या थ्रीडी खिडकीला. साधा गावनकाशा उघडतानाच ते कोसळत असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी प्लगइन (वरून जोडलेली जादा साधनं) बंद ठेवून उघडून बघावं.