मिसळीवर उगाच आळ

मंगळवार पेठेतल्या आमच्या मामांना जुलाब लागले तेव्हा सगळ्यांनी आळ घेतला मिसळीवर, कट लई झाला म्हणे. पण दिवसातून दहा-दहा वेळा, वर ताप, पोटात मुरडा, पाचव्या दिवशीही थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की एवढ्यात अँटिबायोटिक घेतली होती का? घेतली होती की, दाढेसाठी क्लिंडामायसिन, आणि तिथंच गोम होती.

अँटिबायोटिकनंतर असे जुलाब लावणाऱ्या जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, लोक सी डिफ म्हणतात. 1935 साली तो तान्ह्या बाळांच्या शी मध्ये सापडला, ऑक्सिजन लागला की मरतो म्हणून लॅबमध्ये वाढवणं अवघड, त्यावरून डिफिसिल. बाळांना काही होत नाही बरं का! तो आजार करतो हे कळायला 1978 उजाडलं. आपल्या आतड्यातले चांगले जंतू त्याला दाबून ठेवतात, अँटिबायोटिकनं तेच मेले की वस्ताद गावाला गेल्यावर तालमीत चालते तशी ह्याची दांडगाई सुरू, मग तो विष सोडतो आणि आतड्याचं अस्तर सोलवटतं.

जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची ग्रॅम स्टेन म्हणून पद्धत असते, त्यात हा जांभळा दिसतो, म्हणजे ग्रॅम पॉझिटिव्ह, पण शी मध्ये असले जांभळे जंतू ढिगानं असतात, त्यावरून काय ओळखणार? म्हणून जीडीएच, म्हणजे ह्या जंतूचं एक एन्झाइम, आणि टॉक्सिन, म्हणजे त्याचं विष, ह्यांची टेस्ट करतात, तीही पातळ शी असेल तरच, कारण काहींच्या पोटात तो नुसताच गप पडून असतो.

औषध व्हँकोमायसिन, 125 मिलिग्रॅम दिवसातून चारदा, 10 दिवस. शिरेतून दिलं तर आतड्यात पोचतच नाही, त्यामुळे नर्सनं इंजेक्शनचीच बाटली पाण्यात कालवून मामांना प्यायला दिली आणि मामी जी घाबरली, "अवो, सुई विसरलासा काय?" फिडॅक्सोमायसिन पण चांगलं, पण महाग. जुलाब थांबवायची गोळी मात्र मनानं घ्यायची नाही.

साधारण पाचातल्या एकाला हे उलटतं. सारखं उलटत राहिलं तर निरोगी माणसाची शी गाळून पेशंटच्या आतड्यात सोडतात, हसू नका, 2013 च्या नेदरलँड्समधल्या चाचणीत 16 पैकी 15 जण त्यानं बरे झाले.

मामांवर ती वेळ आली नाही. मामी मात्र दिवसभर सॅनिटायझर चोळत बसायची, ह्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले चिवट जंतू, अल्कोहोलला दाद देत नाहीत म्हटल्यावर बाटली ठेवली कपाटात, साबण काढला आणि संडास ब्लीचनं घासून काढला.