डायक्लोफेनॅक इंजेक्शन

डायक्लोफेनॅक सोडियम हे स्टेरॉइड नसलेलं, सूज आणि दुखणं कमी करणारं औषध. गोळी, मलम, सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची गोळी) आणि इंजेक्शन अशा सगळ्या रूपांत ते मिळतं, पण या नोंदीत फक्त इंजेक्शनचाच विचार केलाय. भारतात हे शेड्यूल एच औषध आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलवाल्याने ते द्यायचं नसतं. कंबरदुखी, मुतखड्याची कळ, मार लागणं, ऑपरेशननंतरचं दुखणं यासाठी देतात हे बहुतेकांना माहीतच आहे.

औषध नेमकं कधी जन्माला आलं यावर लिहिणाऱ्यांचं एकमत नाही. आल्फ्रेड साल्मन आणि रुडॉल्फ फिस्टर यांनी ते १९७३ मध्ये सीबा-गायगी कंपनीत तयार केलं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण त्याच्या पेटंटचं साल १९६५ दिलं जातं, आणि पेटंट आधी आणि रेणू नंतर असं तर होऊ शकत नाही. शिवाय सीबा आणि गायगी या स्वित्झर्लंडमधल्या दोन वेगळ्या कंपन्या १९७० मध्ये एक झाल्या, त्यामुळे १९६५ च्या सालापुढे जोडनाव लिहिणंही घाईचंच. १९७३-७४ हा औषध बाजारात येण्याचा काळ असावा आणि तेच साल पुढे शोधाचं म्हणून चिकटलं असावं, हे जास्त पटतं. अमेरिकेत मान्यता मिळायला १९८८ उजाडलं.

काम कसं करतं ते थोडक्यात असं, की सायक्लोऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम अडवून दुखणं आणि सूज वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं द्रव्य कमी करतं. हेच प्रोस्टाग्लँडिन पोटाचं अस्तर सांभाळतं आणि किडनीचा रक्तपुरवठाही राखतं, त्यामुळे "सुई घेतली म्हणजे पोटाला त्रास नाही" हा समज चुकीचाच, औषध रक्तातून पोटापर्यंत पोचतंच, अल्सरवाल्याला सुईनेही रक्तस्राव होऊ शकतो. आणि दुखणं थांबलं म्हणजे आजार बरा झाला असंही नाही.

नेहमीच्या ३ मिलीच्या अँप्युलमध्ये (काचेच्या बंद कुपीत) ७५ मिग्रॅ औषध असतं. मोठ्या माणसाला दिवसात एक, फारच कळ असेल तर काही तासांनी दुसऱ्या बाजूच्या खुब्यात आणखी एक, पण गोळ्या वगैरे सगळं धरून दिवसाला १५० मिग्रॅच्या वर जायचं नाही आणि इंजेक्शन दोन दिवसांपेक्षा जास्त चालवायचं नाही, पुढे गरज पडली तर गोळीवर यायचं. लहान मुलांना हे इंजेक्शन देत नाहीत. सुई खुब्याच्या वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात, खोल स्नायूत द्यायची असते, कारण आतल्या-खालच्या बाजूला सायटिक नस आहे आणि तिला इजा झाली तर पाऊल लुळं पडू शकतं. १ मिलीत तेवढंच औषध असलेली पाण्यातली नवी अँप्युलं काही कंपन्यांच्या पत्रकाप्रमाणे दंडातही चालतात, पण म्हणून जुनं ३ मिलीचं दंडात टोचायचं नाही. एकाच सिरिंजमध्ये दुसरं इंजेक्शन मिसळायचं नाही, हे गावाकडच्या छोट्या दवाखान्यांत सर्रास मोडलं जातं. साधं अँप्युल शिरेतून थेट तर कधीच देत नाहीत; द्यायचंच झालं तर सोडियम बायकार्बोनेट घातलेल्या सलाइन किंवा ग्लुकोजच्या १०० ते ५०० मिलीत मिसळून अर्धा ते दोन तासांत हळूहळू सोडतात.

सुईच्या जागी होणाऱ्या दुष्परिणामांत क्वचित दिसणारा पण सगळ्यात भयंकर म्हणजे निकोलाऊ सिंड्रोम. टोचल्या टोचल्या असह्य कळ येते, कातडी पांढरी पडते, मग निळसर-जांभळी जाळीदार नक्षी उमटते आणि पुढे तो भाग सडून काळा पडू शकतो, जखम भरायला आठवडेच्या आठवडे जातात आणि व्रण राहतो. रुमानियाच्या निकोलाऊने १९२५ मध्ये हे लिहिलं म्हणून त्याचं नाव पडलं, पण जर्मनीतल्या फ्रॉइडेनथालने १९२४ मध्येच नोंद केली होती, तेव्हा मान खरं तर त्याचाच. दोघांचे रुग्ण सिफिलिस या गुप्तरोगासाठी बिस्मथ या धातूचं इंजेक्शन घेतलेले होते, डायक्लोफेनॅक तेव्हा कुठे होतं! कारणाबद्दल तीन मतं सापडतात: औषध धमनीत शिरून ती तुंबते, सुईच्या इजेने रक्तवाहिनी आकसते, किंवा औषधाने आजूबाजूला दाह होऊन रक्तपुरवठा तुटतो. डायक्लोफेनॅकच्या बाबतीत पहिली दोन जास्त संभवतात असं वाटतं, कारण कळ लगेच येते, दाह व्हायला वेळ लागला असता. यावर ठरलेला उपचार नाही, म्हणून सुई घातल्यावर दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना बघणं, पुरेशी लांब सुई वापरणं आणि विचित्र कळ आली की तिथेच थांबणं, हीच खबरदारी.

ज्यांना अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी दमा उठतो किंवा अंगावर पित्त येतं, ज्यांना अल्सर आहे, किडनी किंवा लिव्हर नीट नाही, हार्ट फेल्युअर आहे, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलाय, बायपास होतेय, त्यांना हे देत नाहीत. हृदयाबाबतची बंधनं युरोपच्या औषध संस्थेने २०१३ मध्ये कडक केली. गरोदरपणात शेवटचे तीन महिने तर नाहीच, अमेरिकेत २०२० पासून विसाव्या आठवड्यापासूनच टाळायला सांगतात. रक्त पातळ करणारी औषधं, मेथोट्रेक्सेट (संधिवात, कॅन्सरवरचं औषध), लिथियम (मानसिक आजारावरचं), आणि बीपीची काही औषधं लघवी वाढवणाऱ्या गोळीबरोबर चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं. पावसाळ्यात तापाने अंग ठणकत असेल तर डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ही सुई नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. टोचून झाल्यावर थोडा वेळ दवाखान्यातच बसावं, अ‍ॅलर्जीची जोरदार रिअ‍ॅक्शन आली तर ती बहुधा तेवढ्यातच येते.

या इंजेक्शनच्या पॅकिंगवरही एक नियम आहे, पण तो माणसांमुळे नाही, गिधाडांमुळे आलाय. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की किडनी बंद पडून ती मरतात, हे पाकिस्तानातल्या अभ्यासातून २००४ मध्ये पुढे आलं. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं आणि पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आणलं, तरी माणसांसाठीच्या मोठ्या, अनेक डोसांच्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. शेवटी २०१५ मध्ये केंद्र सरकारने माणसांसाठीचं इंजेक्शन एका डोसच्या, जास्तीत जास्त ३ मिलीच्या पॅकमध्येच विकायची अट घातली.