किडनी प्रत्यारोपणाचा अर्ज आणि आनुवंशिक चयापचय विकार: दाता, फॉर्म, कागदपत्रे

फॅब्री, सिस्टिनोसिस, प्रायमरी हायपरॉक्झलुरिया, मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडिमिया, एपीआरटी या एन्झाइमची कमतरता. यांपैकी कशानेही किडनी निकामी झाली तरी प्रत्यारोपणाची फाईल इतर रुग्णांसारखीच रुग्णालयाच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरकडे उघडते. फॉर्म तेच, परवानगी देणारी समितीही तीच. अडचण दात्यापाशी येते. १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा रक्ताच्या नात्यातल्या दात्याला सर्वांत सोपी वाट देतो आणि इथे आजारही त्याच नात्यातून आलेला असतो. म्हणून रुग्णाचा जनुकीय अहवाल हातात येईपर्यंत दाता नक्की करू नये. आईच्या नावाने सगळे फॉर्म भरून, नोटरी करून झाल्यावर तिलाच आजार असल्याचे कळले, तर फाईल पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते.

कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे पती किंवा पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि २०११च्या दुरुस्तीनंतर आजी, आजोबा, नातू, नात. काका, मामा, आत्या, मावशी, चुलतभाऊ, सासरची माणसे या यादीत नाहीत. ती दाता होऊ शकतात, पण त्यांचा मार्ग लांबचा आहे.

आधी जनुकीय अहवाल

फॅब्रीचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला तो आईकडून येतो, वडिलांकडून येऊच शकत नाही. त्यामुळे आजारी मुलासाठी वडील हा जनुकीय दृष्टीने निर्धोक दाता. भावाला तोच दोष असण्याची शक्यता निम्मी, बहिणीलाही तितकीच. आईला बहुधा दोष असतोच. या आजारात कमी पडणाऱ्या एन्झाइमची पातळी बायकांच्या रक्तात नॉर्मल दिसू शकते, म्हणून आई, बहीण, आजी, मावशी यांच्यासाठी एन्झाइमचा रिपोर्ट पुरत नाही, जीएलए जनुकाचीच तपासणी लागते. मामालाही हा धोका आहे, काकाला नाही. पण काका ‘जवळचा नातेवाईक’ नाही! वडिलांना मधुमेह असेल आणि काका धडधाकट असेल, तर डॉक्टरांच्या लेखी सोपा असलेला दाता कायद्याच्या लेखी अवघड ठरतो. त्याची तयारी आधीपासून ठेवावी.

सिस्टिनोसिस आणि हायपरॉक्झलुरियाचे गणित वेगळे. आई-वडील दोघेही वाहक असतात, म्हणजे दोन्हींकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते, पण सहसा निरोगी. प्रत्येक भावंडाला आजार असण्याची शक्यता चारात एक. सिस्टिनोसिसमध्ये वाहक पालकाची किडनी चालते. बसवलेल्या किडनीत तो आजार परत येत नाही, कारण सिस्टिन (एक अमिनो आम्ल) बाहेर काढणारी यंत्रणा त्या किडनीच्या स्वतःच्या पेशींत असते. डोळे, थायरॉईड, स्नायू यांत मात्र सिस्टिन साठतच राहते, म्हणून सिस्टिअमिन हे औषध आयुष्यभर. किडनी बदलली की औषध संपले, हा समज बऱ्याच घरांत असतो.

सर्वांत महाग चूक प्रायमरी हायपरॉक्झलुरिया टाइप १ मध्ये होते. दोष यकृतातल्या एन्झाइमचा, जनुक एजीएक्सटी. यकृत ऑक्झलेट (खडे बनवणारा क्षार) बनवतच राहते आणि नुसती किडनी बसवली तर तीही त्याच ऑक्झलेटने भरून जाते. कित्येकदा निदानच पहिली बसवलेली किडनी गेल्यावर होते. लहानपणापासून वारंवार खडे, दोन्ही किडन्यांत कॅल्शियमचे साठे, घरात आणखी कुणाला खडे, असे काही असेल तर प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव टाकण्याआधी ही तपासणी मागून घ्यावी. काही रुग्णांना बी-६ जीवनसत्त्वाचा चांगला उपयोग होतो. लुमासिरानसारख्या औषधाने ऑक्झलेट आटोक्यात आले तर फक्त किडनीचा विचार होऊ शकतो. एरवी यकृत आणि किडनी दोन्ही, एकदम किंवा आधी यकृत आणि मग किडनी. फाईलमध्ये यकृततज्ज्ञाचे मत लेखी असावे. दात्या भावंडाची एजीएक्सटी तपासणीही जोडावी, कारण हा आजार प्रौढपणापर्यंत गप्प बसू शकतो.

एपीआरटीच्या कमतरतेतले खडे साध्या एक्स-रेवर दिसत नाहीत, म्हणून ते युरिक अ‍ॅसिडचे समजले जातात. अ‍ॅलोप्युरिनॉल चालू नसेल तर नव्या किडनीतही तेच स्फटिक जमतात. रुग्ण हे औषध घेत असेल तर ते पहिल्या पानावर ठळक लिहावे. प्रत्यारोपणानंतर कुणी अ‍ॅझाथायोप्रिन (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनचे औषध) नेहमीच्या मात्रेत सुरू केले, तर दोन्ही मिळून रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दबते.

कोणता फॉर्म कशाचा

२०१४च्या नियमांतले जिवंत दात्याचे मुख्य फॉर्म असे: जवळच्या नातेवाईक दात्याची संमती फॉर्म १, पती-पत्नी असल्यास फॉर्म २, इतर दाता असल्यास फॉर्म ३. दात्याच्या प्रकृतीचा दाखला फॉर्म ४, रक्ताच्या, म्हणजे जनुकीय नात्याचा दाखला फॉर्म ५, वैवाहिक नात्याचा फॉर्म ६. दाता आणि रुग्ण यांचा संयुक्त अर्ज फॉर्म ११. दोघांपैकी कुणी परराज्यातले असेल तर तहसीलदार किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडून रहिवासाची पडताळणी, फॉर्म २०.

गोंधळ होतो तो फॉर्म ५ वर. त्याच्या नावात जनुकीय नाते आहे, म्हणून लोक आजाराचा जनुकीय अहवाल त्याला जोडून मोकळे होतात. फॉर्म ५ एवढेच सांगतो की ही खरोखर आई आणि हा तिचाच मुलगा. आजाराचा दोष दात्यात आहे की नाही, हा प्रश्न फॉर्म ४ चा. जनुकतज्ज्ञाचे पत्र तिथे हवे आणि त्यात दात्याचे नाव, तपासलेले जनुक आणि ‘दानास हरकत नाही’ किंवा ‘दान करू नये’ असा स्पष्ट निष्कर्ष हवा. ‘व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स’, म्हणजे जनुकातला बदल घातक आहे की नाही हे नक्की नाही, एवढाच शेरा असलेल्या कागदावर कोणी सही करत नाही.

नात्याचे पुरावे: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, जुने कौटुंबिक फोटो. मूळ प्रती सोबत ठेवाव्यात. फाईल अडते ती बहुतेक वेळा नावावर. आईचे माहेरचे नाव मुलाच्या जन्मदाखल्यावर, सासरचे नाव आधारवर आणि रेशनकार्डावर तिसरेच काहीतरी. विवाह प्रमाणपत्र आणि एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी करून घ्यावे. कागदांवरून नाते सिद्ध झाले नाही तर डीएनए तपासणी सांगितली जाते.

जवळच्या नातेवाइकाच्या प्रकरणात परवानगी रुग्णालयाचा सक्षम अधिकारी किंवा समिती देते. काका, मामा, मित्र असे दाते प्राधिकार समितीपुढेच जातात. वर्षाला २५ किंवा जास्त प्रत्यारोपणे होणाऱ्या रुग्णालयाची स्वतःची समिती असते, इतरांची प्रकरणे बाहेरच्या समितीकडे. तिथे दोघांच्या व्यवसायाचे आणि उत्पन्नाचे मागील तीन आर्थिक वर्षांचे पुरावे लागतात, कारण पैशांचा व्यवहार नाही हे समितीला पटावे लागते. मुलाखतीचे चित्रीकरण होते. दाता स्त्री असेल तर तिची संमती स्वतंत्र आहे का, याची खात्री रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून केली जाते. निर्णय बैठकीनंतर २४ तासांत. नकार आला तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारकडे अपील करता येते.

अदलाबदलीची, म्हणजे दोन जोड्यांनी आपापले दाते बदलून घेण्याची (स्वॅपची) सोय दाता निरोगी असून जुळत नसेल तेव्हाची. ज्याच्यात आजारच सापडला, तो दुसऱ्या जोडीलाही चालत नाही.

मेंदूमृत दात्याची यादी

महाराष्ट्रात नोंद मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडे होते, तीही रुग्णालयामार्फतच. यादीतला क्रम ठरवणाऱ्या किडनीच्या गुणांकात डायलिसिसचा काळ महत्त्वाचा, म्हणून पहिल्या डायलिसिसच्या तारखेचा कागद हरवू नये. यकृत आणि किडनी दोन्ही हवे असतील तर रुग्णालयाकडे दोन्ही अवयवांचा परवाना हवा. परवाने अवयवागणिक वेगळे असतात, हे आधीच विचारावे.

पैसा

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ च्या पहिल्या गटात फॅब्रीसाठी किडनी प्रत्यारोपण नावाने नमूद आहे. मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडिमियात (धोरणात अ‍ॅसिडुरिया) क्वचित लागणारे यकृत-किडनी प्रत्यारोपणही त्यात आहे. मे २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय हे या धोरणाखालचे उत्कृष्टता केंद्र, नोंदणी तिथे होते. निधी या उत्कृष्टता केंद्राकडे येतो, रुग्णाच्या खात्यात नाही. तेव्हा दुसरीकडे शस्त्रक्रिया उरकून बिले घेऊन जाण्यात अर्थ नाही. सिस्टिनोसिस किंवा हायपरॉक्झलुरिया असेल तर आपला आजार बसतो का, हे त्या उत्कृष्टता केंद्राकडून लेखी घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांची तरतूद आहे, तिचा अर्ज रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे.

मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडिमियाच्या रुग्णाच्या फाईलला आणखी एक पान हवे: चयापचयतज्ज्ञाचे आणीबाणीचे पत्र. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवले की शरीर स्वतःची प्रथिने तोडू लागते आणि आम्ल चढते. उपास सुरू होताच ग्लुकोजची सलाइन किती आणि कोणत्या वेगाने, प्रथिने कधी बंद आणि कधी सुरू, अमोनिया किती तासांनी तपासायचा, हे वजनानुसार आकड्यांत लिहिलेले असावे. त्याची एक प्रत भूलतज्ज्ञाकडे आणि एक रुग्णाच्या उशाशी.