शार्लट कशाचंही प्रतीक नाही

शेत, डुक्कर आणि बोलणारी जनावरं एवढ्यावरून ‘ॲनिमल फार्म’ आणि ‘शार्लट्स वेब’ एकाच पंगतीत बसवली जातात, याचा मला मनापासून वैताग आहे. ऑरवेलचं १९४५चं ‘ॲनिमल फार्म’ बहुतेकांनी वाचलेलं असतं. नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, हे तिथे कळायलाच हवं. ते रूपक आहे. मग तीच सवय घेऊन लोक ई. बी. व्हाइटच्या १९५२च्या ‘शार्लट्स वेब’कडे येतात आणि विचारतात, “यातला कोळी म्हणजे कोण?”

कोळीच. शार्लट म्हणजे गोठ्यात जाळं विणणारी कोळ्याची मादी. व्हाइट अमेरिकेतल्या मेन राज्यात स्वतःच्या शेतावर डुकरं पाळायचा. तिथल्या कोळ्याची अंड्यांची पिशवी त्याने न्यूयॉर्कच्या घरी नेली, तिच्यातून पिल्लं बाहेर पडताना पाहिली. शार्लटचं आडनाव कॅव्हॅटिका, तेही तिच्या प्रजातीच्या शास्त्रीय नावावरून घेतलेलं. ती माश्या पकडते, त्यांचं रक्त पिते आणि विल्बर या डुकराला हे स्पष्ट सांगते.

शार्लटला प्रतीक केलं की सगळ्यात मोठी चूक होते: ‘मित्रासाठी तिने प्राण दिले’. तिने प्राण दिलेले नाहीत! या कोळ्याची मादी शरद ऋतूत अंडी घालून मरते. विल्बरला वाचवायला ती जाळ्यात त्याच्या कौतुकाचे शब्द विणते, पण एकही शब्द विणला नसता तरी ती मेलीच असती. विल्बरची कत्तल टळावी म्हणून तिने दिले ते मोजक्या आयुष्यातले दिवस आणि जाळ्यातले शब्द, तेही स्वखुशीने. बलिदानापेक्षा हे मला कितीतरी मोठं वाटतं. विल्बरही तिच्यासाठी मरत नाही. तिची ५१४ अंड्यांची पिशवी काढून द्यावी म्हणून तो टेम्पलटन उंदराला आपल्या खाण्यातला पहिला घास कबूल करतो आणि ती पिशवी तोंडात धरून जत्रेतून घरी आणतो.

गोठ्यावरचा मजकूर दोन्हीकडे आहे. ऑरवेलची डुकरं भिंतीवरचे नियम गुपचूप बदलून इतर जनावरांना फसवतात. शार्लट माणसांसाठी लिहिते आणि एक जीव वाचवते.

मुखपृष्ठावर डुक्कर दिसलं म्हणून आठ वर्षांच्या मुलाला ‘ॲनिमल फार्म’ देऊ नका. बॉक्सर घोड्याला खाटकाकडे का विकलं, हे त्याला समजावताना तुमचीच दमछाक होईल. ‘शार्लट्स वेब’ मात्र त्याला द्या आणि त्याच्या आजोबांनाही.